भामरागडची माती आणि गावची शाळा



मृगाचा पहिला जोरदार पाऊस होऊन गेला म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या बाहेरच्या भिंतीकडे एकवार पाहावे. उन्हाळ्यात तिला चुना दिलेला असेल तर फारच उत्तम. जमिनीपासून हात-सव्वा हात उंचीपर्यंत ती भिंत तांबड्या शिंतोड्यांनी भरून गेलेली दिसेल. जेथे भिंतीपुढे गवत किंवा पालापाचोळा आहे तेथे हे शिंतोडे तुरळक असतात. जेथे अंगण उघडे आहे तेथे ते दाट असतात. पोरांनी चिखल उडविला असे समजून एखादे गुरुजी मुलांस दटावतीलही. परंतु हे काम मुलांचे नव्हे. ते पावसाच्या थेंबाचे आहे.

मोठा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदास सुमारे नऊ मीटर असतो. उघड्या मातीवर तो आपटला की मातीचे ढेकूळ फुटते, त्यातील कण सुटे होतात आणि पाण्याबरोबर उडतात. सपाट जागी ते जितके इकडे उडतात तितकेच तिकडे. उतारावर मात्र खालच्या बाजूस उडालेला कण अधिक दूर जाऊन पडतो, आणि सुटा झालेला हा कण वाहत्या पाण्यास आयताच सापडतो. पुष्कळ काळ अशी समजूत होती की माती नेते ते वाहणारे पाणी. अमेरिकेतील एलिसन या संशोधकाने १९४० नंतरच्या दशकात थेंबाच्या आघाताचा अभ्यास करून दाखवून दिले की मातीची वीण उसवण्याचे काम आधी थेंब करतो. वाहते पाणी नंतर येऊन उसवलेला माल घेऊन जाते. जमिनीच्या धुपेचा धडा शिकविताना पुस्तकात बहुधा खोल घळीचे चित्र असते. ते चित्र खोटे नाही, पण ते रोगाच्या शेवटच्या अवस्थेचे चित्र आहे. आरंभ शाळेच्या भिंतीवर दिसतो.

भामरागड हे इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमावरचे गाव. या भागातील मुलांस पूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो, पलीकडची गावे तुटतात. २०१९ च्या पावसाळ्यात तर हे पुनःपुन्हा घडले आणि बाजारपेठेतील दुकानांत पाणी शिरले. पुराच्या उंचीची चर्चा घरोघर होते. पुराच्या रंगाची चर्चा मात्र कोणी करीत नाही. त्या पाण्याचा तांबूस गढूळ रंग म्हणजे कोणाच्या तरी शेताचा वरचा थर आहे. इंद्रावती पुढे सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीस मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास. तिकडे गेलेली माती परत आणण्याचा कोणताही उपाय माणसापाशी नाही.

येथे कोणी असे विचारील की, ज्या मुलखात एवढे अरण्य उभे आहे तेथे धुपेचा प्रश्न यावा कोठून? प्रश्न योग्य आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांच्या दाटीत पडणारा थेंब आधी पानांवर फुटतो. मग खालच्या पाचोळ्यावर पडतो. तेथून झिरपत मातीत जातो. अशा ठिकाणच्या ओढ्याचे पाणी ऐन श्रावणातही पुष्कळसे निर्मळ असते. परंतु त्याच अरण्यात उतारावरचा एक तुकडा मोकळा करून नांगरला की तेथे विपरीत परिस्थिती उत्पन्न होते. सोलापूर किंवा अहिल्यानगरच्या माळावर वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. गडचिरोली जिल्ह्यात तो त्याच्या दुपटीहून अधिक, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. म्हणजे त्या मोकळ्या तुकड्यावर पाऊस पडतो तो अरण्याचा, आणि त्याच्या अंगावर पांघरूण असते ते माळरानाचे.

त्यातही सर्व जमिनी सारख्या नाहीत. पूर्व विदर्भातील शेतकऱ्यांनी मातीला दिलेली नावे शिक्षकाने मुलांकडून वदवून घ्यावीत: कन्हार, मोरंड, खरडी, वरडी, सिहार. खोलगट भागातील बांधीत, म्हणजे धुरे घातलेल्या धानाच्या खाचरात, माती बहुधा सुरक्षित असते. धुरा पाणी अडवितो आणि पाण्याबरोबर मातीही अडते. धोका आहे तो वरच्या अंगच्या वरडी जमिनीस. ती उथळ, खडेमिश्रित आणि उताराची. तिची माती गेली की खाली मुरूम लागतो. बांधीच्या मालकास पहिली काही वर्षे वरून आलेल्या गाळाचा लाभ होतो. पण पाणी प्रथम बारीक व कसदार कण नेते आणि जाड वाळू मागे ठेवते. बारीक माती संपली म्हणजे पुढे वाळूच खाली उतरू लागते आणि मग बांधीही बिघडते. वरच्या शेताचे दुखणे खालच्या शेतास कळावयास काही वर्षे लागतात, एवढेच.

आता पेंडा शेतीविषयी. हा विषय शिक्षकांनी फार जपून हाताळावा. माडिया लोक पूर्वी जंगलाचा एक तुकडा उन्हाळ्यात तोडीत, वाळल्यावर जाळीत आणि राखेत कुटकी, कोसरी अशी बारीक धान्ये पेरीत. दोन-तीन पिके घेतली की तो तुकडा सोडून देत व दुसरीकडे जात. इंद्रावतीपलीकडील अबुझमाडातील या पद्धतीचे सविस्तर वर्णन ग्रिगसन या अधिकाऱ्याच्या १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. शहरातून आलेला शिकलेला माणूस या पद्धतीस चटकन 'रानटी' म्हणतो. जंगल जळते हे त्याला दिसते. पुढचे दिसत नाही. पेंड्यात नांगर चालत नसे. तोडलेल्या झाडांची खोडे व मुळे जमिनीत तशीच राहत आणि मातीस धरून ठेवीत. पिके मिसळीची असल्यामुळे जमीन फार काळ उघडी पडत नसे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोडलेल्या तुकड्यास अनेक वर्षांची विश्रांती मिळे आणि तेवढ्या काळात तेथे पुन्हा झाडोरा वाढून पाचोळ्याचा थर साचे. विश्रांतीचा काळ लांब होता तोवर हिशेब जमत होता. नागालँडमधील खोनोमा गावचे लोक अशाच फिरत्या शेतीत अल्डर नावाचे नत्र देणारे झाड मुळासकट राखून ठेवतात आणि विश्रांतीचा काळ कमी करूनही जमिनीचा कस टिकवितात. तेव्हा फिरती शेती म्हणजे अज्ञान असे समीकरण मांडण्याचे कारण नाही.

हिशेब बिघडला तो विश्रांती संपल्यामुळे. वनकायद्यांनी जंगलाचे राखीव क्षेत्र आखले, लोकसंख्या वाढली, आणि फिरावयास जागा उरली नाही. पुढे २००६ साली वनहक्क मान्यतेचा कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंतची जमीन त्या कुटुंबाच्या हक्काची म्हणून मान्य करण्याची तरतूद त्यात आहे. हा हक्क वारसांकडे जातो, पण जमीन विकता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना अतिक्रमण करणारे म्हटले गेले त्यांना हक्काचा कागद मिळणे ही केवढी गोष्ट आहे हे या भागात काम करणाऱ्या शिक्षकांस सांगावयास नको. परंतु या कागदाची एक दुसरी बाजू आहे. पूर्वी जमीन थकली की माणूस पुढे जाई. आता जमीन तीच, तुकडा तोच. तो थकला तर जावयाचे कोठे? आज शाळेत बसलेल्या मुलाच्या वाट्यास वडिलांच्या हक्काचा कागद येईल हे निश्चित. त्या कागदात लिहिलेल्या जागी माती येईल की मुरूम, हे पुढील वीस-पंचवीस पावसाळे ठरवितील.

वरच्या वर्गांत हे गणिताच्या तासास घेता येते. पट्टीवरची सर्वांत लहान खूण मिलिमीटरची. मुलांस विचारावे, शेतावरून एवढ्या जाडीची माती गेली तर कोणाच्या लक्षात येईल काय? कोणाच्याही येणार नाही. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावरील एक मिलिमीटरचा थर म्हणजे दहा घनमीटर माती, वजनाने सुमारे तेरा टन. बैलगाडीत अर्धा टन माती धरली तर सव्वीस गाड्या. कोणी रात्री येऊन शेतातून सव्वीस गाड्या माती भरून नेली तर गावात केवढा गहजब होईल! देहरादून येथील मृद्-जलसंधारण संस्थेतील ध्रुवनारायण व रामबाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये काढलेल्या अंदाजाप्रमाणे भारतात दर हेक्टरी दर वर्षी सरासरी सोळा टनांहून अधिक माती जागची हलते आणि तिच्यातील सुमारे २९ टक्के कायमची समुद्रात जाते. साल काढावी तशी थराथराने जाते म्हणून या धुपेस सालकाढी धूप असे नाव आहे. पुढे तिच्यातून ओघळी पडतात, ओघळींच्या घळी होतात.

उपायांपैकी जे पाठ्यपुस्तकात आहेत ते शिक्षकांस ठाऊकच आहेत. त्यांची उजळणी येथे नको. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधले पाहिजे. महाराष्ट्रातील बांधबंदिस्तीचे शास्त्र पुष्कळसे कमी पावसाच्या मुलखात वाढले. सोलापूरचे कोरडवाहू शेती संशोधन केंद्र १९३३ चे. त्या वेळच्या मुंबई इलाख्यातील जमीन सुधारणेचा कायदा १९४२ चा. १९७२ च्या दुष्काळात हजारो मजुरांनी केलेली कामेही बहुतांशी अवर्षणाच्या जिल्ह्यांतील. तेथे बांधाचे मुख्य काम पाणी अडवून जिरविणे हे असते. तोच बांध येथे जसाच्या तसा घातला तर भाद्रपदापर्यंत टिकणार नाही. येथे पाणी अडवावयाचे तर आहेच, पण जास्तीचे पाणी माती न नेता हळूहळू बाहेर काढून द्यावयाचे आहे. म्हणून वरडी जमिनीवरील बांध अगदी समपातळीत न ठेवता त्यास शंभर फुटांत सुमारे तीन इंच इतका मंद उतार द्यावा, आणि त्याच्या टोकास दगडांनी बांधलेला किंवा गवताने झाकलेला सांडवा ठेवावा. सांडव्याविना बांध म्हणजे दार नसलेले घर. एके ठिकाणी बांध फुटला की साचलेले सर्व पाणी त्या एका तोंडातून धावते आणि जी घळ पूर्वी नव्हती ती एका रात्रीत पडते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्यास ढकलता येणाऱ्या कणाचे वजन चौसष्टपट होते असा जलशास्त्राचा जुना नियम आहे. धावत्या पाण्याचा पराक्रम त्यावरून ध्यानी येईल.

पातळी काढावयास महागडे यंत्र लागते असा समज आहे. तो खरा नाही. बांबूच्या मुलखात तर नाहीच नाही. सारख्या लांबीचे, साधारण साडेचार हात लांब असे दोन बांबू वरच्या टोकाशी घट्ट बांधावेत आणि त्यांचे पाय चार हातांवर फाकवावेत. मध्यावर एक आडवी काठी बांधावी. वरच्या गाठीपासून सुतळी सोडून तिच्या टोकास दगड लटकवावा, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. सुतळी आडव्या काठीस चाटून गेली पाहिजे. चौकट कोठेही उभी करून दोन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोकाव्यात आणि सुतळी काठीवर जेथे पडते तेथे कोळशाने खूण करावी. मग चौकट फिरवून डावा पाय उजव्या खुंटीशी व उजवा डाव्या खुंटीशी ठेवावा आणि दुसरी खूण करावी. दोन खुणांच्या बरोबर मधली जागा ही पातळीची खूण. शेतात एक पाय खुंटीशी ठेवून दुसरा पाय वरखाली सरकवीत जावे. सुतळी मधल्या खुणेवर आली की तेथे दुसरी खुंटी. असे करीत शेताच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जावे.

खुंट्यांची ती ओळ सरळ येत नाही, नागमोडी येते. आणि नेमके येथेच मुलांचे डोळे उघडतात. डोळ्यांना सपाट वाटणारी जमीन किती फसवी असते हे तेव्हा कळते. या ओळीस धरून नांगरणी झाली तर प्रत्येक तास हा एक लहान बांध होतो. उताराच्या दिशेने नांगरले तर तोच तास पाण्याची नाली होतो. एवढा एकच बदल, ज्यास एक पैसाही लागत नाही, तो शेतकऱ्याने पाहून पटवून घेण्यासारखा आहे. खुंट्यांच्या ओळीवर वाळा लावला तर त्याच्या दाट ठोंबांत गाळ अडतो आणि काही वर्षांत तेथे आपोआप धुरा तयार होतो. धुऱ्यावर तूर लावण्याची चाल पूर्व विदर्भात जुनीच आहे. तिने धुऱ्यास धरले जाते आणि घरात डाळही येते. धान कापणीपूर्वी ओल्या बांधीत लाखोळी, जवस यांचा उतेरा टाकण्याची रीत ही अशीच. धान निघाल्यावरही जमीन झाकलेली राहते. ओहोळाच्या वरच्या अंगास, जेथे तो अजून पाऊलभर रुंद आहे तेथे, अनघड दगडांचे लहान बांध घालावेत. खाली मोठा ओढा झाल्यावर दगड घालण्यात अर्थ नसतो.

दुष्काळी जिल्ह्यांतील अनुभवाचा आणखी एक धडा आहे, आणि तो मातीपेक्षा माणसांविषयीचा आहे. कागदावर आखलेले समपातळी बांध शेतांच्या हद्दी तोडून गेले. ज्यांच्या शेतातून ते गेले त्यांना कोणी विचारले नव्हते. अशा बांधांची निगा राहिली नाही. पुष्कळ ठिकाणी ते हळूहळू नांगरले गेले. म्हणून गावच्या भूमियाशी, पेरम्याशी बोलल्याविना, पंडुमाच्या दिवसांत गाव एकत्र बसते तेव्हा विषय काढल्याविना, या भागात कोणतेही काम टिकणार नाही. हेमलकसा येथे १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढविलेला लोकबिरादरी प्रकल्प आधी दवाखान्यामुळे व शाळेमुळे लोकांचा झाला. आसपासच्या गावांत लोकांच्या श्रमसहभागाने तलावांची कामे झाली ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. विश्वासाचा हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

राहिली गोष्ट आगीची. फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची चाल आहे. तेंदूस नवी पालवी चांगली फुटावी म्हणूनही जंगलास आग लावली जाते. आग झाडाखालून पसरत डोंगरभर जाते. मोठी झाडे वाचतात, परंतु पाचोळा जातो, रोपे जातात. मग ज्येष्ठाचा पहिला पाऊस काळ्या, उघड्या जमिनीवर पडतो. थेंबापासून मातीस वाचविणारे पांघरूण अडीच महिने आधीच जळून गेलेले असते. वर सांगितलेल्या सर्व उपायांवर ही एक काडी पाणी फिरवू शकते. पण मोहफूल हे माडिया घरातले अन्नही आहे आणि पैसाही. तेव्हा 'आग लावू नका' एवढेच सांगणे म्हणजे फूल वेचू नका असे सांगण्यासारखे होते. झाडाखालची जागा झाडून पाचोळा बाजूस सारता येतो, किंवा खाली जाळी अंथरता येते. झाडण्यास वेळ लागतो हे खरे. तो वेळ पहाटे उठून फुले वेचणाऱ्या बायकामुलांचाच जातो. हा विचार आधी मनात आणून मगच शिक्षकाने तोंड उघडावे.

शाळेने यात काय करावयाचे? शिक्षकाने शिवारात जाऊन उपदेश करू नये. तो बदलून गेला की उपदेशही जातो. त्याने मुलांस पाहावयास लावावे, आणि जे पाहिले त्याची नोंद शाळेत ठेवावी. कोणत्या उताराला माडियात काय म्हणतात, कोणत्या मातीत आजोबा काय पेरीत, सोडलेल्या पेंड्यावर किती वर्षांनी कोणते झाड आधी उगवे, हे मुलांनी घरून विचारून आणावे. या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नाहीत. ती मुलांच्या घरी आहेत. पहिलीतले जे मूल मराठीत गप्प असते ते या तासास बोलू लागते असा लाभही यात आहे.

आणि बाटल्या ठेवाव्यात. काचेच्या रिकाम्या, सारख्या आकाराच्या. पहिल्या मोठ्या पावसात एक बाटली जंगलातून येणाऱ्या ओहोळाची व एक शेतांतून येणाऱ्या ओहोळाची भरावी. मग श्रावणात एक जोडी, आणि पावसाळा संपताना एक. पाणी शिक्षकाने किंवा मोठ्या माणसाने भरावे. चढत्या ओढ्याजवळ मुलांस नेऊ नये. बारीक माती खाली बसावयास काही दिवस लागतात. घाई असेल तर तुरटी फिरवावी, मात्र ती सर्व बाटल्यांत सारखी. तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजून चिठ्ठीवर मिलिमीटर, महिना, साल आणि ओहोळाचे नाव लिहावे व चिठ्ठी बाटलीस चिकटवावी. मग वरचे पाणी अलगद ओतून टाकावे आणि गाळ बाटलीतच वाळू द्यावा. पाणी तसेच ठेवले तर कुजते. बाटल्या खिडकीत ठेवू नयेत, वाऱ्याने पडतात. कपाटाच्या खालच्या खणात सालवार ओळीने ठेवाव्यात आणि बदली झाल्यावर नवीन शिक्षकास कार्यभार देताना दप्तराच्या यादीत त्यांची संख्या लिहावी.